स्टुलावरची डिक्शनरी

"किती झाले?"

"तीन हजार दोनशे चाळीस शब्द, मॅडम."

"पाठ?"

"अगदी घोकून. मधूनच कुठलाही विचारा."

उजगरे सिस्टरांनी विचारला नाही. ओसरीतल्या लोखंडी खाटेवर भिंतीला उशी लावून त्या बसल्या होत्या, तशाच बसून राहिल्या. समोर अंगणात बुचाच्या झाडाखाली पांढऱ्या फुलांचा सडा पडला होता आणि शेजारची रूथ तो झाडून एका कडेला करत होती.

"त्यातले लागले किती?"

"लागले म्हणजे?"

"कामाला गं. पाठ केलेस एवढे. कुणाला बोललीस का त्यातलं काही?"

हर्षदाला हसू आलं. "श्रीरामपुरात कुणाला बोलू, मॅडम? बेड नंबर चारच्या आजोबांना सांगू, यू आर ऑन द मेंड? ते म्हणतील, सिस्टरलाच ताप चढलाय."

"ऑन द मेंड म्हणजे?"

"म्हणजे सुधारणा आहे. हळूहळू बरं होतंय."

"अस्सं." सिस्टरांनी मान हलवली. "आणि आहे का त्यांना सुधारणा?"

बेड नंबर चारला सुधारणा नव्हती.

हर्षदा पटारे ही काही अशीतशी पोरगी नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. नर्सिंगच्या कॉलेजात तिन्ही वर्षं पहिली. गावातल्या एका खाजगी हॉस्पिटलात सहा वर्षं स्टाफ नर्स. ज्याची शीर कुणाला सापडत नाही अशा पेशंटला सलाईन लावायचं असलं की हाक तिलाच जायची. तिचा हात हलका होता, डोकं तल्लख होतं, आणि या दोन्ही गोष्टी तिला स्वतःला चांगल्याच ठाऊक होत्या.

तिला आयर्लंडला जायचं होतं. तिथल्या एका हॉस्पिटलनं घ्यायचं कबूलही केलं होतं. अट एकच, इंग्रजीची परीक्षा. वाचणं, लिहिणं, ऐकणं या तिन्हींत ती पहिल्या झटक्यात पास झाली. बोलण्यात नापास झाली. दुसऱ्यांदा बसली, दुसऱ्यांदा नापास. आता नोव्हेंबर चालू होता आणि तिकडची मुदत डिसेंबरपर्यंतची. म्हणजे ही शेवटची खेप. बरोबरच्या चौघी केव्हाच गेल्या होत्या. गल्लीत सगळ्यांना सांगून झालं होतं. आईनं तर तिकडच्या थंडीसाठी स्वेटरही विणायला घेतला होता, आणि आता एक बाही विणून ती सुया हातात घेऊन नुसती बसायची. त्या बाहीकडं बघितलं की हर्षदाला रडू यायचं.

बोलण्याची परीक्षा म्हणजे काय, तर एक खोली, एक टेबल, एक घड्याळ. परीक्षक पेशंट होतो, नाहीतर पेशंटची बायको, मुलगा, कुणीतरी. तुम्ही नर्स. पाच मिनिटं बोलायचं.

हर्षदाच्या हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर मुनोत एकदा राउंड संपवून म्हणाले, "क्लास कसले लावतेस? मिशन कंपाउंडात उजगरे सिस्टर आहेत, त्यांच्याकडं जा. इंग्रजी बोलावं तर त्यांनी."

एस्तेर उजगरे. मिशनच्या दवाखान्यात चाळीस वर्षं, त्यातली अठरा मेट्रन, म्हणजे मुख्य नर्स म्हणून. लग्न केलं नाही. परदेशी डॉक्टर असायचे त्या काळात, आणि कठीण बातमी सांगायची वेळ आली की ते मोठमोठे डॉक्टर चष्मे पुसत म्हणायचे, सिस्टर उजगरेंना बोलवा. एकदा त्यांच्यातल्याच एका डॉक्टरची बायको इथं बाळंतपणात गेली. ते त्या डॉक्टरला त्याच्या भाषेत सांगायलासुद्धा याच गेल्या होत्या. तेव्हा त्यांचं वय होतं सव्वीस.

निवृत्तीच्या दिवशी दवाखान्यानं विचारलं, काय देऊ तुम्हाला? सिस्टरांनी फीमेल वॉर्डातलं एक लोखंडी स्टूल मागितलं. लोकांना वाटलं, म्हातारी चेष्टा करतेय. पण त्यांनी ते खरंच रिक्षात घालून घरी आणलं. पांढरा रंग पार उडालेलं ते स्टूल तेव्हापासून खाटेच्या उशाशी होतं.

हर्षदा पहिल्या दिवशी आली तेव्हा तिनं पिशवीतून डिक्शनरी काढली, विटेएवढी जाड, आणि ठेवायला जागा म्हणून त्या स्टुलावर ठेवली. स्वतः पायथ्याशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली. सिस्टरांनी डिक्शनरीकडं बघितलं, मग स्टुलाकडं बघितलं. पुढं रोज तेच. आली की डिक्शनरी स्टुलावर आणि बाई पायथ्याशी.

"गेल्या खेपेला काय झालं, ते सांग," सिस्टर म्हणाल्या.

"परीक्षक बाई पेशंट झाली होती. तिचा रिपोर्ट वाईट आलाय, हे मी तिला सांगायचं होतं. मी सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे काय? मी दुसरा शब्द सांगितला, जरा वरचा. ती परत म्हणाली, म्हणजे काय? मग मी त्याहून भारी सांगितला. तिसऱ्यांदा परत तेच! आणि घड्याळ वाजलं."

"मग?"

"मग काय, मॅडम? शब्द कमी पडले माझे. म्हणून तर आता तीन हजार केले."

सिस्टर तिच्याकडं बघत राहिल्या.

"रूथ," त्यांनी अंगणात हाक दिली, "चहा टाक बाई. हिचा घसा सुकला असेल."

हर्षदाच्या जिवाचा नुसता संताप झाला. दहा दिवस ती ड्यूटी संपवून, स्कूटी दामटत इथं येत होती आणि सिस्टरांनी तिला एक शब्द शिकवला नव्हता. एक ईडियम, एक वाक्प्रचारसुद्धा नाही. बसायचं, चहा प्यायचा, वॉर्डात आज काय झालं ते सांगायचं. घरी जाऊन ती आईला म्हणाली, "म्हातारीला येतंय तरी का इंग्रजी, देव जाणे!"

अकराव्या दिवशी तिनं सरळच विचारलं.

"मॅडम, त्या डॉक्टरांना तुम्ही त्यांची बायको गेल्याचं सांगितलं, तेव्हा कुठले शब्द वापरले होते? मी लिहून घेते."

तिनं वही उघडून पेन काढलंसुद्धा.

सिस्टरांनी डोळे मिटले. आठवत होत्या की दुखत होतं म्हणून, कळायला मार्ग नव्हता. गेल्या महिन्यापासून त्यांच्या पोटात उजव्या बाजूला दुखायचं. लुगडं सैल व्हायला लागलं होतं. रूथनं आणलेला डबा अर्धा परत जायचा.

"शब्द आठवत नाहीत," त्या म्हणाल्या. "स्टूल कुठं ठेवलं होतं, ते आठवतं."

हर्षदानं वही मिटली.

"बरं, मी तुला एक विचारते," सिस्टर म्हणाल्या. "मराठीतले ईडियम तुला किती येतात?"

"मराठीतले? शाळेत होते तेवढेच. त्यांचा काय उपयोग?"

"वापरतेस तू. रोज." सिस्टरांनी हात पुढं केला आणि एकेक बोट मिटायला सुरुवात केली. "काही नाही, मुंगी चावल्यासारखं होईल... होईल सगळं बरं... टेन्शन घेऊ नका... डॉक्टर राउंडला आले की विचारा... झोपा आता."

मूठ मिटली.

"पाच. सहा वर्षं तू पाचांवर काढलीस. मी चाळीस काढली असती, पण मला पहिल्याच वर्षी एका बाईनं पकडलं."

"अहो, पण ते सगळ्याच सिस्टर बोलतात!"

"बोलतात की. शनिवारपर्यंत हे पाच बोलायचे नाहीत. इंग्रजी राहू दे बाजूला. हे पाच सोडून ड्यूटी कर आणि मग ये."

हे कसलं शिकवणं? हर्षदा तणतणत गेली. पण हट्टी होती. कुणी काही अवघड करायला सांगितलं की ते केल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

शनिवारी आली ती चेहरा पाडून.

"ड्यूटीच करता येईना, मॅडम."

"सांग."

"बेलापूरचे एक टेलर आहेत, त्यांना पोटात इंजेक्शन द्यायचं होतं. मुंगी चावल्यासारखं म्हणायची सोय नाही. मग म्हटलं, दुखेल, काका. दहापर्यंत मोजा."

"मोजलं?"

"मोठ्यानं मोजलं. सगळा वॉर्ड ऐकत होता. आणि वर मला म्हणतात, सिस्टर, तुमचं माप चुकलं, पंधरापर्यंत दुखत होतं!"

सिस्टर हसल्या. हसताना त्यांनी पोटावर हात दाबून धरला, पण हसल्या पोटभर.

"दुसऱ्या दिवशी?"

"दुसऱ्या दिवशी मीच म्हटलं, पंधरापर्यंत मोजा. तर म्हणाले, आज बारालाच थांबलं." हर्षदाही हसली. मग तिचं हसू ओसरलं. "पण चार नंबरचं जमलं नाही."

"काय विचारतात ते?"

"रोज एकच. सिस्टर, मी घरी जाणार ना? डॉक्टरांना विचारा, असं म्हणायचं नाही, मग म्हणू काय? डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला सांगितलंय, आता हातात काही नाही. मुलानं त्यांना सांगितलेलं नाही. आणि ते विचारतात मला."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. सलाईन बघितलं... आणि निघून आले."

"सलाईन चालू होतं?"

"चालूच होतं हो."

रूथ चहाचे कप घेऊन आली, ठेवून गेली.

"ते काल पहाटे गेले," हर्षदा म्हणाली. "घरी नाही गेले, मॅडम. तिथंच गेले. मी पाठ केलेल्या सगळ्या शब्दांत त्यांना द्यायला माझ्याकडं एक नव्हता."

हे ती पहिल्यांदाच बोलत होती. सिस्टरांनी तिचं सांत्वन केलं नाही. त्यांनी चहाचा कप तिच्याकडं सरकवला, एवढंच.

परीक्षा बुधवारी होती, पुण्याला.

सोमवारी दुपारी डॉक्टर मुनोतांनी हर्षदाला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक पाकीट होतं. गेल्या आठवड्यात उजगरे सिस्टरांच्या पोटातला तुकडा काढून तपासायला पाठवला होता, त्याचा रिपोर्ट.

"तू जातेसच ना तिकडं? हा दे त्यांना. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यांना बारीक अक्षर दिसायचं नाही, वाचून दाखव." डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "त्यांना आपण काय सांगणार? मी उद्या सकाळी येतो म्हणावं."

पाकीट उघडंच होतं. हर्षदानं ते स्कूटीच्या स्टँडपाशी उभं राहून वाचलं. पानभर इंग्रजी. त्यातला एक शब्द तिला अडला नाही. सगळे पाठ होते, उच्चारासकट. वाचून झालं आणि तिचे हात गार पडले.

रस्ताभर तिनं ठरवलं, पाकीट उशाशी ठेवायचं, डॉक्टर उद्या येऊन बोलतील म्हणायचं, परीक्षेचं निमित्त सांगायचं आणि सटकायचं. मग तिच्या ध्यानात आलं की हा तर पाचातला चौथा, डॉक्टरांना विचारा. तरी तिनं तेच ठरवलं.

चार वाजले होते. ओसरीत ऊन आलं होतं. हर्षदा आली, सवयीनं डिक्शनरी स्टुलावर ठेवली आणि पायथ्याशी उभी राहिली. बसली नाही.

"आला?" सिस्टरांनी विचारलं.

"काय, मॅडम?"

"तुझ्या हातात आहे तो."

चाळीस वर्षं ज्या बाईनं पाकिटं पोचवली, तिला पाकीट धरायची तऱ्हा कळणार नाही होय?

"डॉक्टर मुनोत उद्या सकाळी..."

"चौथा," सिस्टर म्हणाल्या.

हर्षदानं मान खाली घातली.

"बुधवारी परीक्षा आहे ना तुझी? आज उजळणी करू. मी पेशंट, तू नर्स. रिपोर्ट आलाय. सांग मला. इंग्रजीत."

"मॅडम, ही उजळणी नाही..."

"मला माहीत आहे. सांग."

अंगणात रूथचा झाडू चालू होता. हर्षदानं घसा साफ केला. परीक्षेच्या खोलीत उभी राहायची तशी ताठ उभी राहिली, आणि तिच्या तोंडून जे आलं ते अस्खलित आलं. वी आर नॉट आउट ऑफ द वुड्स येट, सिस्टर. म्हणजे अजून धोका टळलेला नाही.

"व्हॉट डू यू मीन?" सिस्टर म्हणाल्या. म्हणजे काय?

किती साधा, किती स्वच्छ आवाज होता तो! हर्षदानं त्यांचं इंग्रजी आज पहिल्यांदा ऐकलं. पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं. तिनं दुसरं वाक्य काढलं. थिंग्ज हॅव टेकन अ टर्न फॉर द वर्स. प्रकृतीनं वाईट वळण घेतलंय.

"व्हॉट डू यू मीन?"

आता तिनं रिपोर्टच वर धरला आणि वाचायला लागली. मॅलिग्नन्ट, मेटास्टॅटिक, आणखी दोन भलेमोठे शब्द. एकाही शब्दाला ती अडखळली नाही. परीक्षकानं पैकीच्या पैकी मार्क दिले असते असं वाचन.

सिस्टरांनी ऐकून घेतलं. मग तिसऱ्यांदा, तेवढ्याच हळू आवाजात, त्यांनी विचारलं.

"व्हॉट डू यू मीन... हर्षदा?"

हर्षदाच्या ओठांवर आणखी एक शब्द तयार होता. तो तिथंच राहिला. तिला ती परीक्षेची खोली दिसली. टेबलापलीकडची ती बाई, पेशंट झालेली, तीनदा तेच विचारणारी. आणि बेड नंबर चार, रोज तेच विचारणारा. त्यांच्यापैकी कुणालाच अर्थ हवा नव्हता. अर्थ त्यांना कळलेलाच होता.

घड्याळ असतं तर एव्हाना वाजलं असतं.

ती पायथ्याकडून निघून उशाशी आली. स्टुलावरची डिक्शनरी तिनं दोन्ही हातांनी उचलली. ठेवायला जागा नव्हती. तिनं ती खाली फरशीवर ठेवली.

आणि स्टुलावर बसली.

ते स्टूल बुटकं होतं. बसल्यावर तिचे डोळे सिस्टरांच्या डोळ्यांच्या बरोबर समोर आले. इतके दिवस ती या बाईंना पायथ्याकडून बघत होती. आता तिला दिसलं की सिस्टरांचा खालचा ओठ थरथरतोय.

तिनं आपले गार हात एकमेकांवर चोळले आणि मग त्यांचा हात हातात घेतला.

"इट इज कॅन्सर," ती म्हणाली.

सिस्टरांनी मान हलवली.

"इट इज इन द लिव्हर टू."

"कॅन दे क्युअर इट?"

हर्षदाला सांगायचं होतं, होईल सगळं बरं. ते वाक्य सहा वर्षं तिच्या तोंडात बसलेलं होतं आणि आता ते धक्के मारत होतं. तिनं ते गिळलं.

"नो," ती म्हणाली. "पेन... वी कॅन हेल्प विथ द पेन."

ती नुसती बसून राहिली. ऊन खाटेवरून भिंतीवर सरकलं. रूथनं झाडून गोळा केलेल्या फुलांवर झाडानं आणखी चार टाकली.

बऱ्याच वेळानं सिस्टर बोलल्या, आणि मराठीत बोलल्या.

"मला भीती वाटते गं."

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या उशाशी बसलेली बाई हे म्हणाली. हर्षदाला वाटलं होतं, सिस्टर काहीतरी शिकवतील. त्यांना सगळं ठाऊक असणार, त्यांची तयारी असणार.

"मला पण, मॅडम," ती म्हणाली.

सिस्टरांनी तिचा हात घट्ट धरला. त्या रडल्या थोड्या. हर्षदाही रडली, पण तिनं हात सोडला नाही आणि नाक पदरालाच पुसलं, म्हणजे ड्रेसच्या ओढणीला. रूथ झाडू घेऊन पायरीपर्यंत आली, दोघींकडं बघितलं आणि परत फिरली.

आता परीक्षेचं मधेच सांगून टाकतो, नाहीतर तुमचा जीव तिकडं अडकून राहील. बुधवारी हर्षदा पुण्याला गेली. परीक्षक या खेपेला एक म्हातारा गृहस्थ होता, तो पेशंटचा नवरा झाला होता. पाच मिनिटांत ती जेमतेम वीस वाक्यं बोलली. सुरुवात करण्याआधी तिनं आपली खुर्ची टेबलाच्या त्या बाजूला नेली तर चालेल का, असं विचारलं, आणि त्या माणसानं भुवया उंचावून मान हलवली. तीन हजार दोनशे चाळिसातला एकही वापरायची वेळ आली नाही. पास झाली. आईनं दुसरी बाही विणायला घेतली.

पण ते बुधवारचं. सोमवारी, ओसरीत, ऊन जवळजवळ उतरलं होतं.

सिस्टरांनी डोळे पुसले. हर्षदानं उशी सरळ करून दिली. मग ती परत स्टुलावर बसली, आणि थोडा वेळ गेल्यावर तिच्यातली पहिल्या नंबराची विद्यार्थिनी काही केल्या तिला गप्प बसू देईना.

"मॅडम..."

"हं."

"बरोबर सांगितलं का मी?"

सिस्टरांनी तिच्याकडं बघितलं. डोळे अजून ओले होते, पण कडेला तीच जुनी मिस्कील सुरकुती आली.

"कुणाला विचारतेस? मेट्रनला, का पेशंटला?"

हर्षदा उत्तर द्यायला घाईनं तोंड उघडणार होती. तिनं ते मिटलं. विचार केला.

"पेशंटला," ती म्हणाली.

सिस्टरांनी उशीवर मान टेकवली आणि डोळे मिटून घेतले.

"मग जरा पाणी दे बाई... घसा कोरडा पडलाय माझा."